कुंडी उलटी करून पाहा: जुन्या स्टोनवेअरचं मूळ आणि वय कसं शोधायचं

जुन्या वाड्याच्या चौकात, गच्चीच्या कोपऱ्यात किंवा मुंबईच्या चोर बाजारातल्या एखाद्या दुकानाबाहेर जाड, जड, तपकिरी झिलईची कुंडी दिसते. विकणारा सांगतो, “दोनशे वर्षांची आहे, चायनाची.” घरातलीच असेल तर कुणीतरी म्हणतं, पणजोबांनी ती रंगूनहून आणली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पण त्या तपासता येतात आणि तपासाव्यातच, कारण ओळख हरवलेलं भांडं घर बदलताना सगळ्यात आधी भंगारात जातं.

माझा एक आग्रह सुरुवातीलाच सांगतो. शिक्का सगळ्यात शेवटी पाहायचा. बहुतेकजण कुंडी हातात आली की आधी बुडावर नाव शोधतात, नाव दिसलं की इंटरनेटवर टाकतात आणि मिळालेलं पहिलं उत्तर धरून बसतात. पण स्टोनवेअरच्या, म्हणजे खूप तापवून घट्ट झालेल्या मातीच्या, मोठ्या भांड्यांवर बऱ्याचदा शिक्का नसतोच आणि नकली मालात सगळ्यात सहज उठवता येतो तोही शिक्काच. माती, बूड, घडण आणि झिलई यांची नक्कल त्या मानाने फार अवघड. म्हणून आधी ती साक्ष काढायची.

रिकामी करा, पण घासू नका

झाड दुसरीकडे हलवा, माती काढा आणि कुंडी कोमट पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, संडास साफ करायची द्रावणं यांतलं काहीही वापरू नका. बाहेरून दिसणारे पांढरे डाग बहुतेक वेळा पाण्यातले क्षार असतात आणि त्यांनी भांड्याचं काही बिघडत नाही. उलट अ‍ॅसिडने कमी तापमानाची झिलई निघून येते. बुडाचा मळ तर मुळीच काढू नका, पुढे त्याची गरज आहे.

धुतल्यावर काही दिवस सावलीत पूर्ण वाळू द्या. मग उंची, तोंडाचा व्यास आणि बुडाचा व्यास इंचात आणि सेंटिमीटरमध्ये, दोन्ही मापांत लिहून ठेवा. जुना ब्रिटिश माल इंच आणि गॅलनच्या हिशेबाने घडवला जायचा, जर्मन माल सेंटिमीटरच्या. फोटो काढताना खोलीत अंधार करून टॉर्च एका बाजूने, अगदी आडवी धरा. समोरच्या उजेडात न दिसणारे दाबून उठवलेले आकडे आणि अर्धवट अक्षरं अशा आडव्या उजेडात वर येतात.

हे खरंच स्टोनवेअर आहे का?

आपण बोलताना सगळ्यालाच चिनी माती म्हणतो, पण इथे फरक करावा लागतो. साधी भाजलेली माती, म्हणजे टेराकोटा आणि तिच्या जातीची भांडी, साधारण ९०० ते ११०० अंश सेल्सियसला भाजतात. ती सच्छिद्र राहतात. स्टोनवेअर १२०० ते १३०० अंशांच्या आसपास जातं आणि तिथे मातीचे कण वितळून एकमेकांत मिसळतात, म्हणून झिलई नसतानाही ते पाणी जवळपास पीत नाही. पोर्सिलेन त्याहून शुभ्र असतं आणि पातळ असेल तर त्यातून उजेड दिसतो.

बुडावरच्या झिलई नसलेल्या कोरड्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. तो लगेच शोषला जाऊन डाग उमटला तर ती साधी माती. थेंब तसाच बसून राहिला तर स्टोनवेअर असण्याची शक्यता मोठी. त्याच जागी चाकूचं टोक हलकेच ओढा. साध्या मातीवर ओरखडा उठतो. स्टोनवेअरवर बहुधा पोलादाचीच काळसर रेघ उमटते, जी पुसता येते. बोटाच्या पेराने टकटक केल्यावर धड स्टोनवेअर खणखणीत वाजतं. आवाज बसका आला तर कुठेतरी केसासारखी भेग आहे, ती शोधा. बागकामाच्या दुकानात रंगवलेल्या सिमेंटच्या आणि फायबरच्या कुंड्याही ‘अँटिक’ म्हणून ठेवतात. त्या या तीन चाचण्यांतच गळतात.

ही मुळात कुंडी होती का?

यावर थोडं जास्त थांबू, कारण निम्मं कोडं इथेच सुटतं. आज कुंडी म्हणून वापरात असलेली बरीच जुनी भांडी मुळात कुंड्या नव्हत्याच. ती तेलाचे रांजण होती, लोणच्याच्या बरण्या होत्या, पाण्याचे फिल्टर होते, खारवलेल्या अंड्यांचे किंवा आल्याचे डबे होते. नंतर कुणीतरी तळाला भोक पाडलं.

ते भोक नीट पाहा. कच्च्या ओल्या मातीत पाडलेलं असेल तर त्याची कड गोलसर असते, झिलई कडेवरून आत ओघळलेली असते आणि भोकाच्या भिंतीचा रंग बुडाच्या रंगाशी जुळतो. ड्रिलने नंतर पाडलेलं असेल तर कड धारदार असते, भोवती बारीक टवके उडालेले असतात आणि आतल्या मातीचा रंग ताजा, वेगळा दिसतो. भोक नंतरचं निघालं तर ‘जुनी स्टोनवेअर कुंडी’ असं शोधणं सोडून द्या. तुम्हाला रांजण किंवा बरणी शोधायची आहे.

बाजूला, बुडापासून थोडं वर गोल भोक असेल तर तिथे तोटी होती. ब्रिटिश काळात इंग्लंडहून आलेले स्टोनवेअरचे पाण्याचे फिल्टर असे असत. खांद्यावर चार किंवा सहा छोटे कान असतील तर तो साठवणीचा रांजण: कानांतून दोरी ओवून तोंडावरचं झाकण आवळून बांधत. काठ आत वळलेला, जाड, अंगावर निळ्यात पांढरट ठिपक्यांची झिलई आणि मूळचं भोक नाही, असं रुंद भांडं जपानी हिबाची, म्हणजे कोळशाची शेगडी असू शकतं. शिगाराकी गावात अशा शेगड्या मोठ्या प्रमाणावर बनत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची मागणी घटली, तेव्हा तिथल्या कारखान्यांनी कुंड्या करायला घेतल्या. त्यामुळे दोन्ही गोष्टी दिसायला जवळच्या आहेत. फरक पुन्हा भोकावरूनच कळतो.

बूड वाचणं

कुंडी जाड गोधडीवर पालथी घाला. मोठी असेल तर दोघांनी उचला. काठाला धरून उचलू नका, जुना तडा तिथेच सुटतो.

पहिली गोष्ट मातीचा रंग. राखाडी, फिकट पिवळसर, विटकरी, करडा असे अनेक रंग दिसतील. एकट्या रंगावरून देश ठरत नाही, कारण भट्टीतल्या हवेनुसार एकच माती राखाडीही होते आणि तांबूसही. पण रंग लिहून ठेवा, पुढे झिलईशी जोडून त्याला अर्थ येतो. दुसरी गोष्ट कापल्याची खूण: चाकावरून भांडं तारेने किंवा दोऱ्याने कापून काढलं असेल तर बुडावर शिंपल्यावरच्या रेषांसारख्या कमानी राहतात. तिसरी गोष्ट चिकटलेले खडे, वाळू किंवा मातीच्या गोळ्यांचे व्रण. भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते मध्ये ठेवत. काठावर झिलईविना गोल पट्टा असेल तर त्यावर दुसरं भांडं रचलेलं होतं.

मग झीज. खऱ्या वापराची झीज फक्त टेकणाऱ्या जागी होते. बूड थोडं तिरपं असेल तर एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी. ओरखडे सगळ्या दिशांना, कमी-जास्त खोल, आणि त्यांच्यात काळा मळ मुरलेला. म्हणूनच मघाशी तो काढू नका म्हटलं. नकली झीज सँडपेपरची असते: समांतर रेषा, सगळीकडे सारखी, खोलगट भागातसुद्धा, जिथे भांडं जमिनीला कधी टेकूच शकत नाही. चहाच्या पाण्याने किंवा शू-पॉलिशने केलेला ‘जुनेपणा’ ओल्या कापसावर उतरतो.

आत हात घालून घडण ओळखा

बाहेरची बाजू कारागीर सजवतो, आतली तशीच सोडतो. म्हणून आत हात फिरवा. बोटांच्या गोल आडव्या वळ्या लागल्या तर भांडं चाकावर घडलं आहे. मोठ्या रांजणात मध्यावर एखादा जाड आडवा जोड हाताला लागतो. एवढं उंच भांडं एका दमात चाकावर उठत नाही, म्हणून ते तुकड्यांत किंवा मातीच्या वळ्या चढवून करतात. उभी सरळ शिवण लागली तर साचा. आणि बाहेरच्या फुलाच्या बरोबर मागे आतून खळगा असेल, भिंत सगळीकडे सारखी पातळ असेल, तर पातळ चिखल साच्यात ओतून केलेलं काम. ओतकाम जुन्या काळीही होतं, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून. पण मोठ्या, सजावटीच्या कुंडीत ते दिसलं तर माझा कौल विसाव्या शतकाकडे झुकतो.

झिलई: तारखेची पहिली भक्कम रेघ

इथे विचाराची पद्धत बदला. ‘ही किती जुनी?’ असं विचारू नका. ‘ही कधीच्या आधीची असूच शकत नाही?’ असं विचारा. झिलई या प्रश्नाचं उत्तर देते.

मिठाची झिलई ओळखायला सोपी. भट्टी साधारण १२०० अंशांच्या वर गेली की आत मीठ टाकतात. सोडियमची वाफ मातीतल्या सिलिकाशी संयोग पावते आणि भांड्याच्या अंगावरच काचेचा पातळ थर तयार होतो. त्याला संत्र्याच्या सालीसारखा बारीक खड्ड्यांचा पोत असतो. वाफ आत नीट पोहोचत नाही, म्हणून अशा भांड्याला आतून बहुधा वेगळी तपकिरी झिलई दिलेली असते. हे तंत्र जर्मनीच्या ऱ्हाइन खोऱ्यात मध्ययुगाच्या अखेरीस रुजलं. इंग्लंडमध्ये जॉन ड्वाइट यांनी १६७२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि फुलहॅमला काम सुरू केलं. राखाडी अंगावर कोबाल्टची निळी नक्षी म्हणजे जर्मनीतल्या वेस्टरवाल्डची परंपरा. ती आजही चालू आहे, त्यामुळे नुसत्या निळ्या नक्षीवर वय ठरवू नका.

दुसरी आपल्या घरांत सगळ्यात ओळखीची: वरचा भाग पिवळसर तपकिरी, खालचा पांढरट, आणि अंग अगदी गुळगुळीत. लोणच्याची बरणीच ती. ही धाटणी ब्रिस्टल झिलईची. ब्रिस्टलचे विल्यम पॉवेल यांनी १८३५ च्या सुमारास ही शिशाविना, एकाच भाजणीत होणारी झिलई आणली आणि मग ती ब्रिटनभर पसरली. म्हणजे अशी दुरंगी कुंडी कुणी ‘पेशवाईतली’ म्हणून विकत असेल तर नम्रपणे नकार द्या. पेशवाई १८१८ मध्ये संपली होती. त्याच धाटणीचा माल पुढे भारतातही भरपूर झाला. बंगालमधल्या राणीगंजला बर्न आणि कंपनीचा कारखाना होता, मोरबी-थानगड भागात परशुराम गणपुले या मराठी माणसाने परशुराम पॉटरी उभी केली, आणि उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचं काम तर आजही चालू आहे. त्यामुळे दुरंगी बरणी १८५० ची इंग्लिश असू शकते आणि १९७० ची भारतीयही. निवाडा बूड, घडण आणि शिक्का मिळून करतात.

तिसरी गडद तपकिरी ते काळी, लोहयुक्त, ओघळलेली आणि बुडाच्या थोडं वरच थांबलेली झिलई. ती आपल्याला पूर्वेकडे नेते.

मर्तबान आणि ड्रॅगनचे रांजण

मर्तबान हे म्यानमारच्या किनाऱ्यावरचं बंदर, आजचं मोत्तमा. तिथून जाणाऱ्या मोठ्या झिलईदार रांजणांना बंदराचंच नाव पडलं. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याला भेट मिळालेल्या चार मर्तबानांत आलं, मिरी, लिंबं आणि आंबे मिठात खारवून भरले होते, असं तो लिहितो. लोणच्याचं आणि स्टोनवेअरचं नातं इतकं जुनं आहे, आणि म्हणूनच हे रांजण जपावेत असं मला मनापासून वाटतं. पण नाव मर्तबानचं असलं तरी सगळे रांजण तिथे घडले नाहीत. दक्षिण चीनमधले ग्वांगडोंग आणि फुजियान, थायलंड, व्हिएतनाम, सगळीकडचा माल याच नावाने ओळखला गेला. म्हणून ‘मर्तबान’ या शब्दावरून प्रकार कळतो, गाव कळत नाही.

आपल्या किनाऱ्यावर ते खरोखर येत होते. गोव्याजवळ सुंची खडकापाशी सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना तिथे हस्तिदंत आणि पाणघोड्याच्या दातांसोबत मर्तबान रांजणांचे तुकडेही सापडले. त्यामुळे कोकणातल्या किंवा गोव्यातल्या जुन्या घरात असा रांजण निघाला तर तो थेट झटकून टाकू नका. कान, बूड, आतला जोड, झिलईची खालची सीमा, सगळं तपासा.

तपकिरी अंगावर पिवळ्या ड्रॅगनचे रांजण मात्र सगळ्यात फसवे. चीनमधून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला खारवलेली अंडी अशाच रांजणांतून परदेशी जायची. पण थायलंडच्या राचबुरीला चिनी कारागिरांनी १९३० च्या दशकात ड्रॅगनचे रांजण करायला घेतले आणि ते काम आजही चालू आहे. ड्रॅगनची नखं मोजून वय सांगणारे भेटतील. पाच नखं म्हणजे बादशाही, चार म्हणजे सरदारांचं, वगैरे. बाजारू रांजणाला तो हिशेब लागू होत नाही. ड्रॅगनपेक्षा बूड पाहा.

आता शिक्का

इथवरच्या नोंदी लिहून झाल्या असतील, तरच शिक्क्याकडे या. आधी त्यातले सर्वसाधारण शब्द वाचा, कारखान्याचं नाव नंतर.

अमेरिकेच्या १८९० च्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागलं. म्हणून नुसतं ‘इंग्लंड’ असेल तर साधारण १८९१ नंतरचं, आणि ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुधा विसाव्या शतकातलं. देशाचं नाव नाही म्हणजे त्याआधीचंच, असा उलटा अर्थ काढू नका. निर्यातीसाठी नसलेल्या मालावर ते नसायचं. ‘निप्पॉन’ हे जपानी मालावर १८९१ ते १९२१. ‘वेस्ट जर्मनी’ किंवा ‘डब्ल्यू. जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०, आणि त्यासोबत ‘५१७-३०’ असे आकडे असतील तर पहिला आकार-क्रमांक आणि दुसरा सेंटिमीटरमधली उंची. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या या खडबडीत तपकिरी-नारिंगी कुंड्या सुंदर असतात, फक्त त्या शंभर वर्षांच्या नसतात.

ब्रिटिश भांड्यावर चौकोन टोकावर उभा करून काढलेली नोंदणीची खूण असेल तर १८४२ ते १८८३. त्यानंतर १८८४ पासून ‘आरडी नं.’ असा धावता क्रमांक आला. १९०० उजाडताना तो सुमारे साडेतीन लाखांवर होता. लक्षात घ्या, ही तारीख नक्षीच्या नोंदणीची आहे. त्याच नक्षीचं भांडं पुढे कित्येक वर्षं बनत राहू शकतं.

नावांत सगळ्यात जास्त भेटतं डोल्टन. लंडनच्या लॅम्बेथ भागात १८१५ पासूनचा हा कारखाना. ‘डोल्टन अँड वॉट्स’ म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध आणि १८५० चं दशक. ‘डोल्टन लॅम्बेथ’ त्यानंतरचं. १८७० च्या दशकातल्या कलात्मक मालावर कधी वर्षही छापलेलं असतं आणि सजावट करणाऱ्या कलाकाराची आद्याक्षरं कोरलेली असतात. ‘रॉयल’ हा शब्द १९०१ च्या राजमान्यतेनंतर आला. लॅम्बेथचा कारखाना १९५६ मध्ये बंद झाला.

अमेरिकेत राहणाऱ्यांना रेड विंगसारख्या कंपन्यांचे मोठे स्टोनवेअर डबे कुंडी म्हणून मिळतात. अंगावरचा ठळक आकडा गॅलनचा असतो, वयाचा किंवा वर्षाचा नाही.

सगळं एकत्र आणताना

समजा तुमच्याकडे दुरंगी, गुळगुळीत, दीड फुटी भांडं आहे. भोक ड्रिलचं. आतून बोटांच्या वळ्या. बुडाला खऱ्या वापराची झीज. बाजूला दाबून उठवलेलं नाव अर्धवट, पण शेवटी ‘इंग्लंड’ स्पष्ट. तर नोंद अशी करा: “ब्रिस्टल झिलईची चाकावर घडलेली साठवणीची बरणी, इंग्लंड, साधारण १८९१ ते १९३०, कुंडी म्हणून नंतर वापर.” एकच वर्ष लिहिण्याचा मोह आवरा. प्रत्येक दाव्यापुढे त्याचा पुरावा लिहा, म्हणजे पुढे कुणी जास्त जाणकार आला तर तो तुमची नोंद दुरुस्त करू शकेल.

तुलनेसाठी प्रत्यक्ष भांडी पाहणं फोटोंपेक्षा फार उपयोगी. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय इथे वेळ काढून जा. भाऊ दाजी लाडमध्ये बॉम्बे स्कूल ऑफ आर्टची भांडी आहेत. ती कमी तापमानाची माती आहे, स्टोनवेअर नाही, आणि शेजारी ठेवल्यासारखा हा फरक डोळ्यांत भरला की पुन्हा चुकत नाही.

प्रयोगशाळेत थर्मोल्युमिनिसन्स नावाची चाचणी होते. भांडं शेवटचं कधी भाजलं गेलं ते ती सांगते. त्यासाठी बुडातून थोडी भुकटी खरवडावी लागते आणि उत्तरात साधारण २० ते २५ टक्क्यांची चूक धरावी लागते. रांजण पाचशे वर्षांचा की आजचा, एवढं त्यातून कळतं. १८९० की १९२०, यासाठी तिचा उपयोग नाही. किमती मर्तबानाचा संशय असेल तरच तो खर्च करा.

आणि परदेशी न्यायचा विचार असेल तर आधी कायदा. १९७२ च्या पुरावशेष व बहुमोल कलावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. वय सीमेवर असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या, मगच सामान बांधा.

झाड परत लावायचं असेल तर नवीन भोक पाडू नका. प्लास्टिकच्या कुंडीत रोप ठेवून ती आत बसवा, तळाला विटेचे तुकडे द्या आणि साचलेलं पाणी आठवड्याने ओता. झिलई हिरवी किंवा पिवळी, मऊ आणि कमी तापमानाची वाटत असेल तर तिच्यात शिसं असू शकतं. अशा भांड्यात कोथिंबीर-पुदिना लावू नका, शोभेचं झाड लावा.